मदत हवी आहे : आरएनएच्या निर्मितीचा आणि ऱ्हासाचा दर वेगवेगळा कसा काढावा?

नमस्कार. मी खानापूरची असून बेळगावात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. पेशीतील आरएनएसाठी (जनुकातील माहितीची पेशीत तयार होणारी आणि कालांतराने नष्ट होणारी प्रत) मी नेहमीचे साधे समीकरण घेतले आहे : प्रमाण बदलण्याचा वेग म्हणजे निर्मितीचा दर, वजा ऱ्हासाचा स्थिरांक गुणिले त्या क्षणीचे प्रमाण. अडचण अशी, की स्थिरावस्थेत हाती लागते ते केवळ या दोहोंचे गुणोत्तर. दोन्ही दुप्पट केले तरी पातळी जागची हलत नाही. म्हणून ॲक्टिनोमायसिन-डी देऊन निर्मिती थांबवल्यानंतरची ०, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांची मोजमापे वापरली. लॉग-आलेखावर पहिले चार बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसतात आणि ०.६९३ भागिले स्थिरांक या सूत्राने अर्धायुष्य सुमारे ४५ मिनिटे येते. शेवटचा बिंदू मात्र रेषेच्या बराच वर राहतो. हे औषधच काही आरएनएंचा ऱ्हास मंदावते, त्याचा हा परिणाम समजावा, की वेगवेगळ्या वेगाने ऱ्हास पावणारे दोन गट मानून समीकरणात दोन घातांकी पदे घ्यावीत? पाच बिंदूंवर चार प्राचले (पॅरामीटर) बसवणे मला तरी धाडसाचे वाटते. नवा आरएनए थायोयुरिडिन या रसायनाने चिन्हांकित करण्याची सोय आमच्या प्रयोगशाळेत नाही. असलेल्या मोजमापांतूनच मार्ग निघत असल्यास जाणकारांनी कृपया सांगावे. उत्तर कन्नडमध्ये दिले तरी चालेल.