दूरध्वनी क्रमांकाला इंटरनेटचा पत्ता जोडणे: आमच्या पेढीला ‘ईनम’चा उपयोग होईल का?

हरिपूर रस्ता, सांगली (प्रश्न)

नमस्कार. गणपती पेठेत आमची मसाल्याच्या मालाची घाऊक पेढी आहे आणि तासगावला बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आहे. पेढीचा ०२३३चा लँडलाइन क्रमांक वडिलांच्या काळापासूनचा. पावतीपुस्तकावर, पाटीवर आणि पोत्यांवर शिक्का मारायच्या पत्र्याच्या साच्यातही तोच आहे. तो क्रमांक पूर्वी सहा आकडी होता. पुढे त्याच्या आधी २ लागला, तेव्हा वडिलांनी साच्याला वेगळा तुकडा झाळून घेतला. तो जोड आजही बोटाला लागतो. सांगायचे कारण एवढेच, की गिऱ्हाईक आम्हाला त्या क्रमांकाने ओळखते आणि तो बदलणे शक्य नाही.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पेठेत पाणी शिरले आणि आमचा फोन कित्येक दिवस मुका झाला. तासगावचे कोल्ड स्टोरेज कोरडे होते, तिथे माणसे होती, इंटरनेटही चालू होते; पण माल ठेवलेल्या शेतकऱ्यांना तिथला क्रमांक ठाऊक नव्हता. आता दोन्ही ठिकाणी फायबर आहे आणि आतले फोन इंटरनेटवर चालतात. दूरध्वनी क्रमांक डोमेन नावांच्या व्यवस्थेत (डीएनएस, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) नोंदवून त्याला इंटरनेटवरचे पत्ते जोडण्याची ‘ईनम’ नावाची पद्धत आहे, असे वाचले. ती नेमकी कशी चालते, आणि आमचा क्रमांक तिच्यात नोंदवला तर पुराच्या वेळी बाहेरून येणारा कॉल आपोआप तासगावला जाईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अजिंक्यतारा, सातारा

आधी पद्धत सांगतो. जगातले दूरध्वनी क्रमांक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीप्रमाणे ठरतात. देशाचा संकेतांक धरून क्रमांक जास्तीत जास्त १५ आकडी असतो. ईनमचा मूळ मसुदा सप्टेंबर २००० मध्ये आरएफसी २९१६ म्हणून आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज), २००४ मध्ये त्याची सुधारणा झाली आणि सध्याचे रूप मार्च २०११च्या आरएफसी ६११६ मधले आहे.

क्रमांक आधी पूर्ण आंतरराष्ट्रीय रूपात लिहायचा, म्हणजे ०२३३ मधले शून्य गाळून पुढे ९१ लावायचे. मग सगळे आकडे उलटे करून प्रत्येक आकड्यामध्ये टिंब द्यायचे आणि शेवटी ‘ई१६४ डॉट अर्पा’ हे शेपूट जोडायचे. आरएफसी ६११६ मध्ये उदाहरणाला घेतलेला लंडनचा क्रमांक +४४ २०७ ९४६ ०१४८ असा आहे. त्याचे ८.४.१.०.६.४.९.७.०.२.४.४ होते आणि त्यापुढे ते शेपूट लागते. आकडे उलटे करायचे कारण साधे आहे. क्रमांकात सर्वांत व्यापक भाग, म्हणजे देश, डावीकडे असतो, तर डोमेन नावात तो उजवीकडे असतो. सांगलीतल्या प्रत्येक लँडलाइनच्या नावात त्या शेपटाआधी ३.३.२.१.९ येईल, आणि त्यामुळे आधी देशाची, मग त्याखालच्या भागाची जबाबदारी वेगवेगळ्या सर्व्हरांकडे सोपवता येते.

या नावावर एनएपीटीआर प्रकारच्या, म्हणजे त्या नावामागचे पत्ते सांगणाऱ्या, नोंदी ठेवतात. एक नोंद म्हणते की या क्रमांकासाठी अमुक सिप पत्त्यावर (सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) कॉल लावा, दुसरी ईमेलचा पत्ता देते, तिसरी संकेतस्थळाचा. प्रत्येक नोंदीला क्रम आणि पसंती असे दोन आकडे असतात आणि लहान आकडा आधी पाहिला जातो. क्रमांक एकच, पण त्यामागे आवाज, पत्र आणि पान तिन्ही उभी राहतात, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते.

एक्स्चेंजमधून निवृत्त, मिरज

वरचे वर्णन अचूक आहे. तरीही पुरात तुमचा कॉल तासगावला गेला असता का, याचे उत्तर नाही असे आहे, आणि ते मोकळेपणाने सांगणे मला गरजेचे वाटते. ईनममध्ये नोंद करणे पुरेसे नसते. कॉल लावणाऱ्याच्या जाळ्याने ती नोंद विचारावी लागते. कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याने मोबाइलवरून ०२३३ फिरवले, तर त्याची कंपनी सार्वजनिक ईनमकडे न पाहता नेहमीच्या वाटेने तुमच्या लँडलाइन कंपनीकडे जाते. ती वाट पाण्याखाली गेली, की तुमची नोंद कितीही नीट असली तरी तिला कोणी विचारत नाही.

सार्वजनिक ईनम रुजले नाही याची कारणे तांत्रिक कमी आणि व्यवहाराची जास्त आहेत. त्या डोमेनची देखभाल ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी ही इंटरनेट पत्त्यांची नोंद ठेवणारी संस्था करते, आणि एखाद्या देशाचा संकेतांक सोपवताना दूरसंचार संघामार्फत त्या देशाची संमती पाहिली जाते. ऑस्ट्रियाने डिसेंबर २००४ मध्ये व्यापारी सेवा सुरू करून मोठा उत्साह दाखवला होता. पण क्रमांक खरोखर त्याच माणसाकडे आहे का, हे नोंदवताना आणि पुढेही वारंवार तपासावे लागते. क्रमांक सोडल्यावर नोंद तशीच राहिली, तर नव्या ग्राहकाचे कॉल जुन्याकडे जातात. शिवाय सार्वजनिक नोंद कोणालाही वाचता येते, म्हणजे नको असलेल्या कॉलांना दार उघडे. आणि एकमेकांच्या कॉलवर कंपन्यांना जे जोडणीशुल्क मिळत होते, ते सोडून वाट मोकळी करण्यात त्यांचा फायदा नव्हता.

कंपन्यांच्या आत मात्र हीच पद्धत जिवंत आहे. व्होल्टीच्या, म्हणजे ४जीवरून आवाजाचे कॉल नेणाऱ्या, जाळ्यात फिरवलेल्या क्रमांकाचा सिप पत्ता काढायला खासगी ईनम वापरले जाते. फोन करताना ते कोणाला दिसत नाही. नंबर पोर्टेबिलिटी २० जानेवारी २०११ रोजी देशभर सुरू झाल्यापासून मोबाइल क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येत नाही, म्हणून कुठेतरी विचारणे भागच आहे. संदेशाची ॲपेही क्रमांकावरून खाते शोधतात, पण ती वही त्यांची स्वतःची आहे. ईनमची वही खुली होती आणि नोंद क्रमांकधारकाच्या हाती राहावी असा तिचा हेतू होता. ती रुजली नाही याची मला मनापासून खंत आहे.

हरिपूर रस्ता, सांगली

आपल्या स्पष्टपणाबद्दल आभारी आहे. मग आमच्या हातात काय उरते?

अजिंक्यतारा, सातारा

दोन कामे वेगळी करा. बाहेरून येणाऱ्या कॉलसाठी तो क्रमांक परवानाधारक कंपनीकडून सिप ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या फोनजोडणीवर, मिळतो का ते पाहा, आणि गणपती पेठेचे यंत्र उत्तर देत नसेल तर कॉल तासगावच्या यंत्राकडे वळवण्याची सोय लेखी मागा. इंटरनेटवरचा कॉल सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याला परस्पर जोडणे आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाही, त्यामुळे त्या टोकाला घरची जुळवाजुळव करू नका.

दोन ठिकाणांमधल्या कॉलसाठी मात्र खासगी ईनम जरूर करा. आपल्याच डीएनएस सर्व्हरवर वेगळे शेपूट घेऊन प्रत्येक क्रमांकाला दोन नोंदी द्या, पेठेच्या यंत्राला पसंती १० आणि तासगावच्या यंत्राला २०. ॲस्टेरिस्क हे फोनयंत्राचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात ईनमलुकअप हे फंक्शन आहे. पहिला पत्ता लागला नाही तर दुसऱ्याकडे जाण्याची पायरी डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉल कुठे न्यायचा ते ठरवणाऱ्या सूचनांत, तुम्हालाच लिहावी लागेल. नोंदींची मुदत ३०० सेकंद ठेवा, म्हणजे बदल पाच मिनिटांत लागू होईल. हा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटला उत्तर देणार नाही, याची खात्री करून घ्या.

एक्स्चेंजमधून निवृत्त, मिरज

आणखी एक विचारतो. हा डीएनएस सर्व्हर ठेवणार कुठे? पेठेत एकच ठेवला तर पाणी आले की यंत्राबरोबर त्याची वहीही बुडेल.

हरिपूर रस्ता, सांगली

सध्या तो पेठेतच आहे, तळमजल्यावर, पावत्यांच्या कपाटाशेजारी. या रविवारी तो माडीवर नेतो, आणि दुसरा सर्व्हर तासगावच्या कोल्ड स्टोरेजच्या कार्यालयात बसवून दोन्हीकडच्या फोनयंत्रांत दोघांचेही पत्ते भरतो. मग पेठेची वीज मुद्दाम तोडून कॉल कुठे जातो ते पाहीन आणि इथेच कळवीन.