मदत हवी आहे : भावाच्या हृदयाचा स्नायू जाड, आयसीडीचा पहिला शॉक फुकट गेला. असं का होतं?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे. हृदयाच्या दोन जवनिकांमधला (खालच्या कप्प्यांमधला) पडदा २४ मिमी जाड झालाय. गेल्या महिन्यात त्याला आयसीडी (हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र) बसवलं. तेव्हा भूल दिलेली असताना डॉक्टरांनी मुद्दाम फिब्रिलेशन (हृदयाची अस्ताव्यस्त थरथर) सुरू करून यंत्राची चाचणी घेतली. २५ ज्यूलच्या शॉकने ते थांबलं नाही. यंत्राने पाठोपाठ ४० ज्यूलचा दिला, तेव्हा थांबलं. मग ध्रुव उलटे करून पुन्हा चाचणी केली आणि या वेळी २५ ला थांबलं. डॉक्टर म्हणाले, "स्नायू जाड असला की असं होतं कधी कधी." तेवढंच.

भाऊ आता घरी आहे, बरा आहे. मीच रात्री दोनला उठून त्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहते.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलाय, त्यामुळे ज्यूल-व्होल्ट कळतात. हृदय कळत नाही. जाड वस्तूला जास्त करंट लागतो, इथपर्यंत ठीक. पण मी वाचलं की पेशींच्या साखळीला बाहेरून व्होल्टेज दिलं तर त्याचा परिणाम इलेक्ट्रोडपासून एक-दोन मिलिमीटरमध्येच विरून जातो. मग पाच-सात सेंटीमीटर लांबच्या स्नायूला शॉक पोचतो तरी कसा? आणि नुसते ध्रुव उलटे केल्याने काय फरक पडला? तो अमिओडॅरोन ही हृदयाची लय सांभाळणारी गोळीही घेतो, त्याचा काही संबंध आहे का? जाणकारांनी कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद १

ताई, या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही पहिल्याच फटक्यात विचारलात. मी हृदयाची संगणकीय मॉडेल्स करतो, त्यातून जे कळलंय ते सांगतो.

तुम्ही वाचलेलं खरं आहे, पण ते एकसारख्या, सरळ तारेला लागू होतं. अशा तारेत करंटचा काही वाटा पेशींच्या आतून, काही बाहेरून वाहतो आणि मधल्या भागात ही वाटणी बदलत नाही. पेशीच्या आवरणाला जाणवतो तो आवरण ओलांडणारा करंट. वाटणीच बदलली नाही तर तो ओलांडणार कशाला?

हृदय मात्र असं एकसारखं नसतं. स्नायूंचे तंतू आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्यापर्यंत जवळजवळ १२० अंश फिरतात. मध्येच रक्तवाहिन्या, कोलॅजनचे पापुद्रे, पेशींच्या थरांमधल्या फटी. शिवाय पेशींच्या आतून आडव्या दिशेचा रोध उभ्या दिशेच्या कितीतरी पट, साधारण दहापट असतो. बाहेरच्या द्रवात हे प्रमाण दोन-तीन पटच. त्यामुळे तंतू जिथे वळतो किंवा संपतो, तिथे करंटला आत-बाहेर करावंच लागतं. अशा जागी एका बाजूच्या पेशी उद्दीपित होतात आणि शेजारच्या उलट दिशेने, म्हणजे जास्तच ऋण होतात. यालाच आभासी इलेक्ट्रोड म्हणतात. शॉकच्या क्षणी भिंतीच्या आत जागोजागी असे इलेक्ट्रोड उगवतात. तुमच्या पाच सेंटीमीटरचं उत्तर हेच.

फिब्रिलेशनला आसरा देणारा हाच ओबडधोबडपणा शॉकलाही आत शिरायला वाट करून देतो. मला हे दर वेळी थक्क करतं.

तुमच्या भावाच्या आजारात तंतूंची रचना विस्कटलेली असते, मध्ये तंतुमय ऊतक वाढलेलं असतं. आभासी इलेक्ट्रोड असतातच, पण मांडणी वेडीवाकडी. स्नायूही जास्त, त्यामुळे कमी व्होल्टेजचा एखादा कोपरा राहून जायची शक्यता जास्त. आणि महत्त्वाचं म्हणजे फसलेला शॉक बहुतेकदा "पोचला नाही" असा नसतो. तो फिब्रिलेशनच्या जुन्या विद्युत-लाटा मोडतो, पण उद्दीपित आणि अतिऋण भागांच्या सीमेवर स्वतःच नवी लाट जन्माला घालतो.

ध्रुवांचं इथेच येतं. जवनिकेतली कॉइल (यंत्राच्या तारेवरचा शॉक देणारा इलेक्ट्रोड) ऋण असली की तिच्याभोवतीचा भाग उद्दीपित होतो आणि लाट तिथून बाहेर पसरत जाते. कॉइल धन केली की लाटा कडेकडून कॉइलकडे येतात, एकमेकींवर आदळतात आणि विझतात. शॉकचा दुसरा, उलटा टप्पाही पहिल्याने मागे ठेवलेला असमतोल बऱ्यापैकी पुसतो, म्हणून हल्ली सगळी यंत्रं दोन टप्प्यांचा शॉक देतात.

जमलं तर चाचणीच्या वेळच्या हृदयाच्या विद्युत-आलेखाची छापील पट्टी मागून घ्या. पहिल्या शॉकनंतर क्षणभर तरी रेषा शांत झाली होती का, ते बघा.

प्रतिसाद २

मी कॅथलॅबमध्ये (हृदयात नळ्या-तारा घालून उपचार करतात तिथे) तंत्रज्ञ आहे. वरच्या प्रतिसादात एक भर. डिफिब्रिलेशनची मर्यादा (फिब्रिलेशन थांबवायला लागणारी किमान ऊर्जा) म्हणजे अलीकडे अपयश, पलीकडे यश अशी रेघ नसते. तेवढेच ज्यूल एकदा चालतात, एकदा नाही. त्यामुळे एका अपयशावरून आणि एका यशावरून सगळं श्रेय ध्रुवांना देऊ नका. म्हणूनच यंत्राच्या कमाल ताकदीपेक्षा किमान १० ज्यूल कमीवर फिब्रिलेशन थांबावं, असा जुना दंडक आहे. तुमचं यंत्र ४० चं असेल तर २५ म्हणजे १५ ची शिल्लक. ही चांगली गोष्ट आहे.

अमिओडॅरोन दीर्घकाळ घेतल्यास ही मर्यादा वाढू शकते. सोटॅलॉल या लयीच्याच दुसऱ्या औषधाचं उलट, ते कमी करतं. पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डोसही बदलायचा नाही. ती झटके येऊच नयेत म्हणून दिलेली असते. पहिला शॉक किती ज्यूलला लावलाय, एवढं नक्की विचारा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी मिळाली. २५ च्या शॉकनंतर रेषा सपाट झालीय, मग एकच रुंद ठोका, आणि त्याच्या मागोमाग पुन्हा ती दातेरी अस्ताव्यस्त लाट. इतके दिवस मी समजत होते की शॉक वाया गेला. तो पोचला होता.

पुढच्या तपासणीला विचारायचं लिहून ठेवलंय : फिब्रिलेशनसाठी पहिलाच शॉक ४० चा ठेवता येईल का, आणि अमिओडॅरोन चालूच राहणार असेल तर काही महिन्यांनी पुन्हा चाचणी लागेल का. या दुसऱ्या प्रश्नाचा कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.