मधल्या बोटाखालून अंगठा

पियानो शिकणाऱ्या कुणीतरी लिहिलंय, 'सी मेजर (सी सुरापासूनची सरगम) वाजवताना ए, म्हणजे ध वर येऊन बोटंच संपतात'. माझाही हाच घोळ होता. आम्ही ग्वाल्हेरचे, पेटीवर वाढलेले; पांढरी एक पट्टीला सा धरून वाजवलेला बिलावल (सगळे शुद्ध सूर) म्हणजेच सी मेजर, सूर तर पाठच. अडतात ती बोटं. बोटांचे आकडे अंगठा १ ते करंगळी ५. उजव्या हाताने सा-रे-ग १-२-३, मग मधल्या बोटाखालून अंगठा म वर, तिथून १-२-३-४-५. अंगठा मात्र रे वाजतानाच आत सरकवायला लागा. मी उशीर करायचो, म्हणून म दणकन वाजायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "परत आपटलास!" डाव्याला ५-४-३-२-१-३-२-१. एफ मेजरला, म्हणजे एफला सा धरल्यावर, म काळी पाचवर (पाचव्या काळ्या पट्टीवर) येतो, तिथे अंगठा नको. उजव्याने १-२-३-४ घेऊन मग प वर अंगठा.