जुन्या मालिका पुन्हा पाहताना : तंत्र बदलले, तशी गोष्ट सांगण्याची रीत कशी बदलली?

काही काळापासून मी जुन्या दूरचित्रवाणी मालिका पहिल्या भागापासून पुन्हा पाहतो आहे. कथानक आधीच ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार ही उत्कंठा राहत नाही, आणि तिच्या जागी हे असेच का घडले असा प्रश्न मनात येऊ लागतो. त्याचे उत्तर शोधताना मला वारंवार असे आढळले की, कथेच्या घडणीत पात्रांच्या स्वभावाइतकाच त्यांच्या हाताशी असलेल्या साधनांचाही वाटा असतो. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकी मालिकेचा १९९१ मधला ‘द चायनीज रेस्टॉरंट’ हा भाग घ्या. तिघे जण उपाहारगृहात टेबल मिळण्याची वाट पाहत उभे आहेत, एवढीच त्याची गोष्ट. त्यांपैकी जॉर्जला एक तातडीचा फोन करायचा आहे, पण तिथला सार्वजनिक फोन दुसऱ्यांनी अडवलेला आहे; पुढे त्याच्यासाठी फोन येतो तेव्हा तिथला माणूस भलतेच नाव पुकारतो आणि तोही हुकतो. जॉर्जच्या खिशात मोबाइल असता, तर त्याची ही सगळी तगमग सुरूच झाली नसती.

एका माणसाला कळलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचायला जो वेळ लागत असे, तो वेळ हाच जुन्या मालिकांच्या लेखकांचा कच्चा माल होता, असे माझे मत झाले आहे. तो वेळ आटत गेला, तशी लेखकांना वेगळी वाट धरावी लागली.

आपण पुन्हा पाहिलेल्या कोणत्या मालिकेत तंत्राचा असा हात जाणवला, ते कृपया सविस्तर लिहावे. पूर्वीच्या मालिका चांगल्या की आताच्या, हा वाद येथे नको. एखादा प्रसंग, एखादी मांडणी, एखादी युक्ती नेमकी सांगितली तर सर्वांनाच ती मालिका नव्याने पाहता येईल.

*

मी मालिकांसाठी पटकथा लिहिते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. कोणताही प्रसंग लिहायला घेतला की, प्रत्येक पात्राचा फोन त्या क्षणी कुठे आहे हे आम्हाला आधी ठरवावे लागते. पूर्वीच्या लेखकाला हा विचारच करावा लागत नव्हता, कारण घराबाहेर पडलेले पात्र आपोआप संपर्काबाहेर जात असे आणि परत येईपर्यंत त्याच्या गैरहजेरीत काहीही घडवता येत असे. आता त्याला संपर्काबाहेर ठेवायचे तर नेटवर्क नाही, बॅटरी संपली, फोन घरी राहिला, अशी कारणे द्यावी लागतात, आणि प्रेक्षकांना ती लगेच ओळखू येतात.

या बाबतीत ‘द वायर’ (२००२ ते २००८) पुन्हा पाहताना मला फार शिकायला मिळाले. पहिल्या पर्वात अमली पदार्थांचे विक्रेते पेजर आणि सार्वजनिक फोन वापरतात, आणि पेजरवर पाठवलेले आकडे फोनच्या कळफलकावर पाचाच्या पलीकडे उडी मारून बदललेले असतात. म्हणजे एकाचा नऊ, दोनाचा आठ. ही खूण उलगडणे, नेमक्या फोनवर नजर ठेवणे, मग न्यायालयाची परवानगी मिळवणे, यांतूनच त्या पर्वाचा संथ आणि ठाम वेग तयार होतो. तिसऱ्या पर्वापर्यंत ते लोक थोडे दिवस वापरून फेकून देण्याच्या मोबाइलवर आलेले असतात. पोलिसांना नंबर कळेपर्यंत तो नंबर निकामी झालेला असतो, म्हणून आता तपास बोलण्यावरून सरकून ते फोन कोण आणि कुठून विकत आणतो या प्रश्नावर येतो. बदललेले साधन लपवण्यासाठी सबब शोधण्याऐवजी लेखकांनी त्या बदलालाच कथानक केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

मोबाइलने लेखकाकडून फक्त काढून घेतले असेही मी म्हणणार नाही. ‘द एक्स-फाइल्स’मधले दोन नायक एकमेकांपासून शेकडो मैल दूर असतानाही बोलत राहू शकतात, त्यामुळे एकाच वेळी दोन ठिकाणचा तपास चालतो आणि तरीही त्या दोघांचा संवाद, जो त्या मालिकेचा प्राण आहे, तुटत नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘२४’ मध्ये तर प्रत्येक भाग म्हणजे एका दिवसातला एक तास, आणि पडदा दोन-तीन चौकटींत विभागून फोनच्या दोन्ही टोकांची माणसे एकत्र दाखवलेली असतात. मोबाइल नसता, तर धावत्या घड्याळाबरोबर चालणारी ही कथा उभीच राहिली नसती.

*

मी रहस्यकथांचा जुना वाचक आणि प्रेक्षक आहे. ‘कोलंबो’ या मालिकेत खुनी कोण हे आरंभीच दाखवलेले असते, म्हणून ती पुन्हा पाहताना काहीही हातचे जात नाही. १९७५ च्या ‘प्लेबॅक’ या भागात खुनी आपल्या घरातल्या पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची चित्रफीत उशिरा चालवून खुनाची वेळ पुढे ढकलतो आणि तेवढ्या वेळात स्वतः दुसरीकडे हजर राहतो. पुढच्याच वर्षीच्या ‘फेड इन टू मर्डर’ या भागात घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरने हेच काम केले आहे. त्या काळी बहुतेक प्रेक्षकांच्या घरी असे यंत्र नव्हते, त्यामुळे ते काय करते हे कथेतच समजावून सांगणे भाग होते. कोलंबोचे भाबडे कुतूहल येथे फार कामी येते. तो यंत्राविषयी प्रश्न विचारत जातो, खुनी अभिमानाने उत्तरे देत जातो, प्रेक्षकाला यंत्र कळते आणि त्याच बोलण्यातून खुन्याभोवतीचा फासही आवळला जातो.

आजच्या तपासकथेत कोण कुठे होता याचे उत्तर रस्त्यावरचे कॅमेरे आणि फोनची नोंद देऊन टाकतात. परिणामी खोटी हजेरी सिद्ध करण्याचा जुना, सुंदर खेळ मागे पडला आहे, आणि तपास अधिकारी अंधाऱ्या खोलीत तासन्‌तासांचे चित्रीकरण चाळत बसलेले दिसतात. ज्यांना जुना खेळ हवा असतो ते कथाच मागच्या काळात नेतात. बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्शी’ (१९९३) पाहताना मला हे फार जाणवले. तिथे माहिती हवी असेल तर ब्योमकेशला उठून माणसाच्या दारी जावे लागते, त्याच्यासमोर बसावे लागते, आणि त्या बसण्यातच माणूस उघडा पडतो.

एक छोटी गोष्ट जोडतो. पूर्वी पत्र दाखवायचे तर कागद पडद्यावर येई आणि लिहिणाऱ्याच्या आवाजात मजकूर ऐकू येई. मोबाइलवरचा संदेश आला तेव्हा प्रथम फोनचा पडदा दाखवून पुन्हा पात्राच्या चेहऱ्याकडे परतण्याची पद्धत होती. २०१० च्या ‘शेरलॉक’ने संदेशाची अक्षरे थेट पात्राच्या शेजारी हवेत तरंगवली, त्यामुळे वाचणारा चेहरा आणि वाचला जाणारा मजकूर एकाच चौकटीत आले. आता ही रीत इतकी रुळली आहे की, ती कधीतरी नवी होती हे जुना भाग पाहिल्याशिवाय आठवत नाही.

*

वरच्या अनुभवातल्या शेवटच्या परिच्छेदाला मला दुसरी बाजू जोडायची आहे. माझी दृष्टी गेल्या काही वर्षांत बरीच क्षीण झाली आहे आणि मी मालिका मुख्यतः ऐकते. जुन्या मालिका ऐकून जवळजवळ पूर्ण कळतात. आत आलेल्या माणसाला नावाने हाक मारली जाते, कुणी काही उचलले तर दुसरे पात्र त्याविषयी बोलते, पत्र मोठ्याने वाचले जाते, फोनवर बोलणारा माणूस पलीकडचे वाक्य पुन्हा उच्चारतो. पूर्वी मला हे कृत्रिम वाटत असे. आता लक्षात येते की, लहानशा आणि पुष्कळदा धूसर चित्राच्या पडद्यावर बारीकसारीक तपशील दिसेल याची लेखकाला खात्रीच नव्हती, म्हणून जे कळायलाच हवे ते तो बोलण्यात ठेवत असे.

नव्या मालिकांत मात्र गोष्टीचा कणाच कित्येकदा मूक असतो. एखादी व्यक्ती फोनकडे पाहते, संगीत बदलते, आणि प्रसंग संपतो. कुणाचा संदेश होता, त्यात काय होते, हे केवळ अक्षरांत असते. काही मालिकांना दृश्यवर्णनाची वेगळी ध्वनिपट्टी असते आणि ती चांगली केलेली असेल तर मोठा आधार होतो. परंतु ती नसली की भाग अर्ध्यावर सोडावा लागतो. स्वच्छ, मोठ्या पडद्यामुळे लेखकाला शब्द वाचवता आले हे खरे आहे, आणि ते वाचवलेले शब्द माझ्यासारख्या प्रेक्षकाचे होते, हेही तितकेच खरे आहे.

*

धागा सुरू करणारा या नात्याने लिहितो : हा अनुभव माझ्या डोळ्यांआड राहिला असता. तो वाचल्यावर मी ‘साइनफेल्ड’चा तोच भाग डोळे मिटून ऐकला, आणि तो खरोखरच जवळपास पूर्ण कळतो. कृपया आणखी लिहावे.

*

मी संकलनाचे काम करतो. कृत्रिमतेचा उल्लेख आला आहे म्हणून त्यामागचे यंत्र सांगतो. सत्तरच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश मालिकांत घरातली दृश्ये स्टुडिओत एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रफितीवर घेतलेली असतात आणि घराबाहेरची दृश्ये सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर. ‘फॉल्टी टॉवर्स’ (१९७५) पाहताना पात्र दाराबाहेर पडले की चित्राचा पोतच बदलतो, तो यामुळे. बाहेर जाणे खर्चाचे आणि वेळखाऊ असल्यामुळे बाहेर घडलेली घटना कुणीतरी आत येऊन सांगत असे, आणि म्हणून त्या मालिकांत दार हे कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे साधन होते. दार उघडले की बातमी येते. चित्रफितीचे संकलनही जिकिरीचे असल्यामुळे नट मोठे प्रसंग सलग करत, आणि नाटकातल्यासारखी एकमेकांच्या वाक्यावर पडणारी वाक्ये ही त्या सलगपणाची देणगी आहे.

नव्वदच्या दशकात संगणकावर संकलन रुळले आणि आमच्या धंद्याचा हातच मोकळा झाला. कोणताही तुकडा कुठेही लावून पाहता येऊ लागला, प्रसंग आखूड झाले, एका भागात चार-पाच धागे समांतर चालवणे सोपे झाले. त्याच सुमारास अंगावर बांधून चालता येणाऱ्या स्टेडिकॅमचा वापर मालिकांत वाढला. ‘ईआर’ (१९९४) मध्ये रुग्णाला ढकलत नेणाऱ्या गाडीबरोबर कॅमेरा दालनांमागून दालने ओलांडतो, आणि ‘द वेस्ट विंग’ (१९९९) मध्ये लांबच लांब संवाद चालता चालता होतात. बसून बोलले असते तर तेच संवाद किती जड वाटले असते, याची कल्पना करून पाहावी.

चौकटीविषयी एक विनंती. जुन्या मालिका चार-तीन प्रमाणाच्या पडद्यासाठी रचलेल्या होत्या, आणि आता त्यांच्या रुंद आवृत्त्या मिळतात. ‘फ्रेंड्स’ पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर असल्याने कडेचे जास्तीचे चित्र वापरता आले, पण त्यामुळे कधी कडेला नटाच्या जागी उभी केलेली दुसरीच व्यक्ती दिसते. ‘द वायर’ची रुंद आवृत्ती २०१४ मध्ये आली, तेव्हा तिचे निर्माते डेव्हिड सायमन यांनी त्यात काय साधले आणि काय गमावले याविषयी मोकळेपणाने लिहिले होते. पर्याय उपलब्ध असेल, तर मूळ चौकटच निवडावी. दोन माणसे दाटीने का उभी आहेत, हे तिथेच कळते.

*

मी येथे फक्त आठवड्याच्या अंतराविषयी लिहिते. ‘महाभारत’ (१९८८ ते १९९०) सलग पाहिले तर ‘समय’ हा निवेदक फार वेळा बोलतो असे वाटते. परंतु एखादा रविवार हुकलेल्या प्रेक्षकाला तो भाग पुन्हा पाहण्याची काहीही सोय नसताना, कथेचा धागा त्याच्या हाती परत देण्याचे काम तो आवाज करत होता, आणि शिवाय घडलेल्या घटनेचा अर्थही लावत होता. ‘हम लोग’ (१९८४) मध्ये भागाच्या शेवटी अशोक कुमार स्वतः येऊन प्रेक्षकांशी बोलत, त्यातही हेच घडे. पुढचा भाग लगेच सुरू होण्याची सोय आली आणि या निवेदकांची जागाच उरली नाही.

याच अंतराचा सर्वांत धाडसी उपयोग ‘डॅलस’ने केला. मार्च १९८० मध्ये मुख्य पात्रावर गोळी झाडली गेली आणि ती कुणी झाडली हे प्रेक्षकांना नोव्हेंबरमध्ये कळले. आता दोन भागांमध्ये काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात कुणाला तर्क करता येत नाही. उलट ‘लॉस्ट’सारख्या मालिकेत चित्र थांबवून पाहणाऱ्या प्रेक्षकांसाठी क्षणभरच दिसणाऱ्या नकाशात मजकूर दडवलेला होता, तसला मजकूर १९८० मध्ये लिहून काय उपयोग झाला असता?

*

मालिका ऐकणाऱ्या वाचक ताईंसाठी एक माहिती. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले अनेक भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाहीत, कारण महागड्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या जात आणि जुना कार्यक्रम परत कुणी पाहील असे तेव्हा धरलेच जात नव्हते. मात्र काही चाहत्यांनी घरी दूरचित्रवाणी संचाजवळ ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून त्या भागांचा आवाज टिपून ठेवला होता. त्या ध्वनिफितींना दृश्ये जोडणाऱ्या निवेदनाची साथ देऊन बीबीसीने त्या प्रकाशित केल्या आहेत. मी त्यांतल्या काही ऐकल्या आहेत. न दिसणाऱ्या प्रसंगाचे निवेदन नेमके आणि मोजके आहे, आणि संवादांवर ते कुठेही चढत नाही. आपण त्या अवश्य ऐकाव्यात, आणि आजच्या मालिकांच्या दृश्यवर्णनाशी तुलना करता त्या कशा वाटल्या हे येथे लिहावे.