सॉलिटेअर घेताना कट नक्की कसा बघायचा? दोन हिऱ्यांत अडकलेय, सल्ला हवा

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, स्वतःच्या पैशातून पहिल्यांदाच हिऱ्याची अंगठी घेतेय. बजेट दीड लाख, म्हणजे सोनं, घडणावळ, जीएसटी सगळं धरून दीड लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. गोल आणि नैसर्गिक हिराच हवा, लॅबग्रोन (प्रयोगशाळेत बनवलेला) नको हे ठरलंय. सराफांनी दोन दगड दाखवलेत, दोन्ही जीआयए या हिरे तपासणाऱ्या लॅबच्या सर्टिफिकेटवाले, दोन्ही ट्रिपल एक्सलंट, म्हणजे कट, पॉलिश, सिमेट्री तिन्हींत एक्सलंट. पहिला ५० सेंट (१०० सेंट म्हणजे एक कॅरेट), एफ कलर (डी सगळ्यात पांढरा, पुढच्या अक्षरांना पिवळसरपणा वाढतो), क्लॅरिटी म्हणजे स्वच्छता व्हीएस१, माप ५.०७ मिमी, डेप्थ (रुंदीच्या मानाने उंची) ६२.८ टक्के, टेबल (वरचा सपाट पैलू) ५८ टक्के, क्राउनचा म्हणजे वरच्या भागाचा अँगल ३५.५, पॅव्हिलियनचा म्हणजे खालच्या निमुळत्या भागाचा ४१.२ अंश. दुसरा ४६ सेंट, जी कलर, व्हीएस२, माप ४.९७, डेप्थ ६१.३, टेबल ५६, क्राउन ३४.५, पॅव्हिलियन ४०.८. दुकानात दोन्ही सारखेच लखलखतात. ते म्हणतात मॅडम कट दोघांचा एक्सलंट आहे, पहिलाच घ्या, कलर पण वरचा. मग या बाकीच्या आकड्यांचा उपयोग काय? आणि हिऱ्यातून उजेड किती परत येतो हे घेण्याआधी कळायचा काही मार्ग आहे का?

मुलुंडकर_७२:
ताई स्पष्ट सांगतो, एक कॅरेटच्या खाली सॉलिटेअर घेऊच नये. मी मिसेसला २५व्या वाढदिवसाला १.०२ कॅरेट घेतला, डी कलर, व्हीव्हीएस१, आजही लग्नकार्यात बायका हात धरून बघतात. थोडं थांबा, पैसे साठवा आणि एकदाच काय ते घ्या.

गोदाकाठ:
दादा, बजेट दीड लाख आहे.

लॅबच_बरा:
दीड लाखात लॅबग्रोन दोन कॅरेट सहज येईल आणि वर पैसे उरतील. सुरतला बनतो, तोच कार्बन, तीच चमक, मशीनशिवाय कोणाला फरक कळत नाही. नैसर्गिकच्या मागे का लागता लोक हे मला आजवर समजलेलं नाही. माझ्या बहिणीला घेतलाय, आयजीआय सर्टिफिकेट, एकदम फर्स्टक्लास.

पेठेतली_सून:
हिरा कुठलाही घ्या पण हॉलमार्क बघून घ्या, एचयूआयडी नंबर असल्याशिवाय दागिना उचलू नका. आमच्याकडे तीन पिढ्या एकच पेढी, कधी फसवणूक नाही.

आकडेमोड:
एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही. हे दोन लोक कायम एकत्र करतात.
धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर. जीआयएची कट ग्रेड २००६ पासून आहे, ती फक्त गोल ब्रिलियंटला मिळते आणि एक्सलंटचा पट्टा बराच रुंद आहे, म्हणजे एक्सलंटमधला सगळ्यात चांगला आणि जेमतेम आत बसलेला दगड दोघांनाही तीच ग्रेड. तुमचा पहिला दगड या पट्ट्याच्या कडेला आहे. क्राउन ३५.५ आणि खाली पॅव्हिलियन ४१.२, दोन्ही बाजूंनी तीव्र उतार, याला स्टीप डीप म्हणतात. अशा दगडात टेबलच्या कडेखालून उजेड मागे निसटतो, तिथे एक मंद कडं दिसतं. हिऱ्याचा क्रिटिकल अँगल (याहून तिरका आदळलेला उजेड बाहेर न पडता आतच उलटतो) साधारण २४.४ अंश, त्यामुळे खालचे पैलू योग्य कोनात असतील तर उजेड आतच दोनदा उलटून वरून बाहेर येतो, पॅव्हिलियनचा कोन अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी गणित बिघडतं. गोल हिऱ्याच्या कटाचं गणित मांडणाऱ्या टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये टेबल ५३ टक्के, क्राउन ३४.५, पॅव्हिलियन ४०.७५ असं मांडलं होतं. आता टेबल थोडं मोठं चालतं पण कोन अजून तिथेच घुटमळतात. मी बघताना टेबल ५४ ते ५८, डेप्थ ६० ते ६२.५, क्राउन ३४ ते ३५, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ एवढं धरतो. तुमचा दुसरा यात अगदी मधोमध आहे.
हॉलोवे कट अॅडव्हायझर म्हणून ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे, हे चार आकडे टाका, स्कोअर दोनच्या आत आला तर पुढे बघा. मी आत्ता दोन्हीचे टाकले, पहिला दोनच्या बराच वर गेला.

लॅबच_बरा:
हे सगळं लॅबग्रोनला पण लागू आहे बरं का, त्याचाही रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे उजेड किती वाकतो तो आकडा, २.४२च.

आकडेमोड:
हो, लागू आहे. पण जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोनला कलर क्लॅरिटीच्या जुन्या ग्रेड देणं बंद करून नुसतं प्रीमियम आणि स्टँडर्ड सुरू केलंय. आणि त्यांना नैसर्गिक हवाय असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

ओव्हलवाली:
मी माझा अनुभव सांगते. मी ओव्हल घेतला, सर्टिफिकेटवर एक्सलंट एक्सलंट लिहिलेलं, सेल्समन म्हणाला कट एक्सलंट आहे. घरी आणून बघते तर मधोमध काळा बो टाय, आडवा पट्टाच. नंतर कळलं की जीआयए ओव्हलला कट ग्रेड देतच नाही, ते दोन एक्सलंट पॉलिश आणि सिमेट्रीचे होते. दुकानात गेले तर म्हणे दगड बदलून मिळेल पण वीस टक्के घट. अजून राग येतो. सर्टिफिकेटवर कोणत्या शब्दापुढे एक्सलंट आहे ते बोट ठेवून वाचा.

मुलुंडकर_७२:
म्हणूनच म्हणतो डी व्हीव्हीएस१ घ्यायचा, मग बघायचं कामच नाही.

जुना_असॉर्टर:
कलर क्लॅरिटीने उजेड परत येत नाही साहेब, मेकने येतो. आमच्या बाजारात कटला मेक म्हणतात. मी मुंबईच्या हिरे बाजारात, ऑपेरा हाऊसला आणि नंतर बीकेसीला, असॉर्टिंगमध्ये म्हणजे हिऱ्यांची प्रतवारी करण्यात आयुष्य काढलं. डी व्हीव्हीएस१ पण मेक खराब असा माल रोज हातातून जायचा, टेबलावर ठेवला की मेलेला. आणि जी व्हीएस२ चांगल्या मेकचा त्याच्या शेजारी ठेवला की कोणीही लहान पोर सांगेल कुठला घ्यायचा.
ताई, दुकानात दोन्ही सारखे दिसले कारण दुकानातले स्पॉटलाइट. त्या दिव्याखाली काचही चमकते. आम्ही माल बघायचो तो उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, थेट ऊन नाही. तुम्ही एवढं करा. दोन्ही दगड सुटे मागा, अंगठीत बसवलेले नको. कपड्याने पुसून घ्या, बोटाचं तेल लागलेला हिरा कधीच खरं सांगत नाही. पांढऱ्या कागदाची घडी करून त्या खाचेत दोन्ही शेजारी शेजारी वर तोंड करून ठेवा, दाराजवळ किंवा खिडकीजवळ या, आणि फूटभर अंतरावरून बघा. चेहरा फार जवळ नेऊ नका, तुमच्याच डोक्याची सावली आत दिसते आणि मग चांगला दगडही काळा वाटतो. मग हात हळू हलवा. चांगल्या मेकचा दगड कडेपर्यंत उजळ राहतो, पांढरे काळे ठिपके जागा बदलत राहतात. खराब मेकचा गळक्या बादलीसारखा, वरून कितीही उजेड ओता, मधे किंवा टेबलच्या कडेला करडा भाग तसाच राहतो, हलवला तरी जागचा हलत नाही. मधलं सगळं काळं दिसलं तर नेलहेड, पॅव्हिलियन फार खोल. टेबलच्या आत पांढरी रिंग दिसली तर फिशआय, पॅव्हिलियन उथळ. त्यानंतर सावलीत न्या, टेबलखाली धरा. तिथेही जो जिवंत दिसतो तो घ्या.

पेठेतली_सून:
आमचे सराफ असं बाहेर नेऊ देणार नाहीत.

जुना_असॉर्टर:
बाहेर नेऊ देणार नाहीत पण दारापर्यंत माणूस सोबत देऊन नेतील, मागितलं पाहिजे. जो दिवसा उजेडात दाखवायला नाही म्हणतो त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

आकडेमोड:
याला जोडून. सर्टिफिकेटवरचे कोन सरासरी असतात आणि शिवाय राउंड केलेले, जीआयए क्राउन अँगल अर्ध्या अंशाला आणि पॅव्हिलियन ०.२ ला राउंड करतं. म्हणजे कागदावर उत्तम असलेला दगड प्रत्यक्षात थोडा कमी असू शकतो, म्हणून आकड्यांनी फक्त नापास करायचं, पास डोळ्यांनी करायचं. आयडियलस्कोप नावाची छोटी नळी मिळते, त्यातून लाल दिसतं तिथून उजेड परत येतोय, पांढरं दिसतं तिथून गळतोय, काळे बाण मधे नीट आठ दिसले तर सिमेट्री चांगली. एसेट स्कोपमध्ये हिरवा निळा पण येतो, तो जास्त बारकाईचा. दुकानदाराकडे नसेल तर ऑनलाइन मागवा.

विदर्भएक्सप्रेस:
असॉर्टर काकांशी सहमत, उजेडातच बघा. दुकानातले दिवे फसवतात. सुटा दगड बघा.

मुलुंडकर_७२:
पण ५० सेंटच्या खाली गेलं की हात रिकामा दिसतो. आणि विकायला गेलात तर ५० ला भाव, ४६ ला कोणी विचारत नाही.

आकडेमोड:
५.०७ आणि ४.९७ मध्ये ०.१ मिमी फरक आहे. हा कोणाला हातावर दिसतो? पहिल्याचं जास्तीचं वजन पोटात खोल गेलंय, वरून दिसतच नाही. आणि ५० ला भावाचा टप्पा बदलतो, ४० ते ४९ ची पट्टी वेगळी, ५० ते ६९ ची वेगळी, म्हणूनच कारखान्यात मेक थोडा बिघडवून ५० चा काटा गाठतात. त्या चार सेंटचे पैसे ताई देणार आणि उजेड कमी घेणार.

निळीशाई:
एक विचारू का, फ्लुरोसन्स (अतिनील उजेडात हिरा बहुधा निळसर चमकतो ते) बघितला का दोघांचा? मी तर सर्टिफिकेटवर नन, म्हणजे अजिबात नाही, असल्याशिवाय घेऊ नये म्हणते. माझ्या नणंदेचा स्ट्राँग ब्लू आहे, उन्हात दुधाळ दिसतो.

जुना_असॉर्टर:
दुधाळ म्हणजे मिल्की, तो बहुतेक वेळा वेगळा दोष असतो, प्रत्येक फ्लुरोसन्सवाला मिल्की नसतो. फेंट किंवा मीडियम असेल तर घाबरू नका, उलट एच, आय, जे कलरमध्ये थोडा पांढरा दिसायला मदतच होते आणि भाव कमी लागतो. स्ट्राँग असेल तर दिवसा बघूनच.

निळीशाई:
नाही पटत. कमी भावात मिळतो म्हणजे काहीतरी कारण असणारच ना.

विदर्भएक्सप्रेस:
आय कलर पिवळाच दिसतो, जीच्या खाली जाऊ नका.

ओव्हलवाली:
+१, जीच्या खाली नको.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी गेले होते. आयडियलस्कोप मागवलाच, स्वस्तात मिळाला. सराफांनी आधी जरा कुरकुर केली पण दाराजवळ पांढऱ्या कागदावर दोन्ही ठेवू दिले. पहिल्यात, ५० सेंटवाल्यात, असॉर्टर काकांनी सांगितलं तसं टेबलच्या कडेने करडं कडं खरंच दिसलं आणि हलवलं तरी गेलं नाही, नळीतून तिथे पांढरे डाग. दुसरा छान होता. पण तिथेच त्यांच्याकडे तिसरा एक पडून होता, ४२ सेंट, आय कलर, व्हीएस१, फ्लुरोसन्स मीडियम ब्लू, माप ४.८३, टेबल ५७, डेप्थ ६१, क्राउन ३४, पॅव्हिलियन ४०.८. कोणी घेत नाही म्हणून बरीच सूट. मी तिन्ही शेजारी ठेवले. हा तिसरा सावलीत सगळ्यात जास्त जागा होता, कडेपर्यंत. नळीतून पूर्ण लाल, बाण एकदम नीट. उन्हाच्या कडेला नेऊन पण बघितला, दुधाळ झाला नाही. मला पिवळ्या सोन्यातच अंगठी हवी होती, त्यात बसवून दाखवला तर पिवळेपणा कुठे जाणवला नाही. तोच घेतला. अंगठीसकट बजेटमध्ये बसला आणि पैसे उरले. तुम्हा सगळ्यांचं जीच्या खाली नको, फ्लुरोसन्स नको, ५० च्या खाली नको हे ऐकलं नाही, पण मला रोज हातात बघायचाय, आणि डोळ्यांना जो आवडला तो आवडला.

मुलुंडकर_७२:
४२ सेंट आय कलर. दीड लाख बजेट असून. असो, अभिनंदन.

निळीशाई:
मीडियम ब्लू घ्यायला नको होता, माझं मत तेच आहे. रिसेलला त्रास होईल.

आकडेमोड:
रिसेल कुठल्याच नैसर्गिक हिऱ्याला मनासारखी मिळत नाही, हा मुद्दा सोडा. आकडे उत्तम आहेत, मी घेतला असता. कलरबद्दल म्हणाल तर पिवळ्या सोन्यात आय अगदी चालतो.

विदर्भएक्सप्रेस:
सेटिंग खालून उघडं ठेवायला सांगा, नाहीतर उजेड आत जाणार नाही.

जुना_असॉर्टर:
उजेड वरून जातो, वरूनच येतो, चांगल्या मेकला खालून उजेड लागत नाही. खालून उघडं ठेवायचं ते धुवायला सोपं म्हणून. क्रीम, कणीक, साबण खाली चिकटतं आणि महिनाभरात हिरा निस्तेज होतो, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासत जा.
ताई दगड मस्त निवडलात. अंगठी घ्यायला जाल तेव्हा दहा पटीचं भिंग मागा आणि हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला नंबर सर्टिफिकेटशी जुळवा. प्रॉन्ग, म्हणजे हिरा धरणारी नखी, त्या नंबरवर येणार नाही अशी बसवायला आजच सांगून ठेवा, एकदा बसवल्यावर काढत नाहीत.

गोदाकाठ:
हे माहीत नव्हतं काका, आत्ताच फोन करून सांगितलं. बिलावर सर्टिफिकेट नंबर, वजन, कलर सगळं वेगळं लिहून घेतलंय. अंगठी पुढच्या गुरुवारी मिळेल.

ओव्हलवाली:
गोदाकाठ, ती नळी कुठून मागवलीत? मला धाकट्या बहिणीच्या कुड्यांसाठी दोन दगड जुळवून बघायचेत.