मदत हवी आहे: प्रोग्राम दिवसभर जुनाच आकडा दाखवतोय

मंडळी, देवगडला आमच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर भाऊ भरलेल्या पेट्यांची नोंद करतो. दुसऱ्यावर मी लिहिलेला पायथन प्रोग्राम दर दहा सेकंदांनी मायएसक्यूएल डेटाबेसमधून एकूण आकडा दाखवतो. म्हणजे दाखवायला हवा! सकाळचा पहिला आकडा बरोबर, मग तोच चिकटून बसतो. बंद करून पुन्हा चालवला की लगेच ताजा. काल वाशीची गाडी भरताना चाळीस पेट्यांचा घोळ झाला आणि बाबांनी सरळ वही काढली.

भावाकडून कमिट (नोंद डेटाबेसमध्ये पक्की करणं) होतंय. वेगळ्या टर्मिनलवर तीच क्वेरी नवा आकडा देते. क्वेरी कॅश (साठवलेलं जुनं उत्तरच परत देणं) नसणार, आवृत्ती 8.0 आहे, त्यात ती काढूनच टाकलीय. माझं कनेक्शन मात्र दिवसभर एकच, ऑटोकमिट (प्रत्येक आदेश आपोआप कमिट होणं) बंद. इनोडीबीची (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) मूळ आयसोलेशन पातळी, म्हणजे इतरांचे बदल कधी दिसावेत याचा नियम, रिपीटेबल रीड, त्यामुळे पहिल्या सिलेक्टच्या (वाचनाच्या) वेळचंच चित्र ट्रान्झॅक्शन (कमिटपर्यंतचा एक व्यवहार) संपेपर्यंत दिसत असावं, असा माझा संशय. संध्याकाळी याच कनेक्शनवरून गाडीची नोंद लिहून कमिट केली की आकडा आपोआप सुधारतो, तेही जुळतंय.

आता दर वाचनानंतर कमिट करू, की रीड कमिटेड पातळी (दर वाचनाला तोवर कमिट झालेलं ताजं दिसतं) लावू? गाडीची नोंद दोन टेबलांत एकदम जाते, म्हणून ऑटोकमिटला हात लावायला धजत नाही. वाचायला वेगळं कनेक्शन ठेवणं बरं का?