मेंदूतल्या पेशींना ‘सूज’ येते की ‘दाह’ होतो?

खानापूर : गावच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींवर टिपण लिहितेय. ‘इन्फ्लमेशन’ला काय लिहू? ‘सूज’ लिहिलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “डोक्याला टेंगूळ आल्यागत काय गं?” ‘शोथ’ कुणालाच कळेना.

निपाणी : ताई, सूज नको. लाली, सूज, उष्णता, वेदना ही केल्सस या रोमन लेखकानं पहिल्या शतकात सांगितलेली चार लक्षणं गळवाला चपखल बसतात. मायक्रोग्लियात यातलं काहीच नजरेला पडत नाही. जंतूच्या आवरणाचा तुकडा पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहीपर्यंत (संकेत टिपणाऱ्या प्रथिनापर्यंत) पोचला, की आतलं एनएफ-कप्पाबी हे प्रथिन मोकळं होऊन केंद्रकात शिरतं. मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन रेणू बाहेर पडू लागतात. ते शेजारच्या पेशींना कळवतात आणि त्याही पेटतात. हे पेटणं ‘दाह’ या शब्दात येतं, ‘सूज’मध्ये येत नाही.

बेळगाव : आपल्या शेजारच्या भाषेकडेही बघा की. कानडीत याला ‘उरियूत’ म्हणतात. ‘उरी’ म्हणजे जळजळ, ‘ऊत’ म्हणजे सूज. (दुधाला येतो तो आपला ऊत वेगळा.) मराठी विश्वकोशातली ‘दाहयुक्त सूज’ म्हणजे अक्षरशः हेच. दोन्ही भाषांनी दोन-दोन लक्षणं जोडून शब्द घडवला, हे मला फार सुंदर वाटतं. तरी मायक्रोग्लियापुरता नुसता ‘दाह’च ठेवा.

खानापूर : ‘दाह’ पक्का. मग दाह वाढवणाऱ्या रेणूंना ‘दाहक’ आणि आवरणाऱ्यांना ‘दाहनाशक’ चालेल?

निपाणी : दोन्ही नकोत. ‘दाहक’ म्हटलं की ॲसिडच आठवतं, ‘दाहवर्धक’ लिहा. ‘नाशक’ तर चूकच, कारण थोडा दाह हवाच असतो, जंतू आणि मेलेल्या पेशींचा कचरा त्यातूनच निघतो. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे सायटोकाइन त्याला मर्यादेत ठेवतात, म्हणून ‘दाहशामक’. चेतापेशी स्वतःसुद्धा फ्रॅक्टलकाइन नावाचा रेणू पाठवतात. मायक्रोग्लियावर त्याचा ग्राही असतो. तिथं तो पोचत राहतो तोवर त्या शांत राहतात. हा धागा तुटला की लहानशा कारणानंही दाह भडकतो आणि लवकर निवत नाही. टिपणात हे नक्की घाला, लोक ‘दाह म्हणजे वाईटच’ असं धरून चालतात.

खानापूर : घालते. सायटोकाइनला ‘सांगावा’ म्हणू का? आमच्याकडं आजही सांगावा धाडतात.

बेळगाव : सांगावा म्हणजे मजकूर. रेणू तो घेऊन जातो, म्हणून ‘निरोप्या’. पहिल्यांदा ‘सायटोकाइन हे निरोप्या रेणू’ असं लिहा, पुढं नुसतं सायटोकाइन.

खानापूर : असं लिहिलंय : “चेतापेशींचा निरोप येत राहिला तर मायक्रोग्लिया शांत असतात, दाहवर्धक निरोप्यांनी पेटलेला दाह दाहशामक निरोप्ये आवरतात.” काकूंना वाचून दाखवलं. टेंगळाचं नाव काढलं नाही, “मग निरोप कशानं तुटतो?” एवढंच विचारलं.